इनासच्या बँडची बाराखडी

लव्हिनाने यादी पाठवली तेव्हा रेजिना पुनर्वास केंद्राच्या खिडकीशी उभी राहून नवऱ्याच्या पायजम्यात नाडी ओवत होती. यादीत तीनशे बारा इंग्रजी गाणी होती. ए अक्षराने नाव सुरू होणारी बारा, बीने सुरू होणारी बारा, असं करत करत पार झेडपर्यंत.

"सोपं असतं गं मम्मी," मुलगी फोनवर म्हणाली. "अक्षर टाकलं की त्या अक्षराची गाणी धाडधाड येतात. पप्पांच्या बँडच्या छापील कार्डावरची तर सगळी घातलीत. फक्त एक्सची बारा मिळवताना जीव गेला. त्यातली तीन तर गाणाऱ्यानेसुद्धा परत ऐकली नसतील."

"पप्पांनी ऐकलीत का?"

"पप्पांनी काय ऐकलं नाही सांग मला!"

ते खरंच होतं. इनास रुमाव म्हणजे गिरिजपासून नंदाखालपर्यंतच्या लग्नांतला चाळीस वर्षांचा आवाज. गळ्यात ट्रम्पेट, अंगात रेजिनाने शिवलेला कोट आणि समोर नाचणारं सगळं वऱ्हाड. पुढे लग्नाच्या हॉलमधल्या भिंतीच वाजू लागल्या, पाहुण्यांच्या पावलांचा अंदाज घेऊन आपलं आपण गाणं बदलू लागल्या, आणि बँड संपला. त्यानंतर चार वर्षांनी, अकरा महिन्यांपूर्वीच्या एका सकाळी, इनासच्या मेंदूच्या देठात रक्ताची गाठ अडकली. तेव्हापासून तो उताणा पडून होता. डोळे उघडे, पण ते कुणाकडे वळत नसत. बोट नाही, पापणी नाही, ओठ नाही. आत इनास आहे की नुसतं घर उघडं टाकून मालक निघून गेलाय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

रेजिनाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण बायकोच्या सांगण्याला अहवालात रकाना नव्हता.

रकाना होता तो शिरोपट्टीला. मेंदूत विजेचे बारीक प्रवाह धावतात आणि त्यांच्याभोवती चुंबकत्वाची अगदी पुसट झुळूक उठते. ती टिपणारे दोनशे संवेदक या पट्टीत बसवलेले होते. पूर्वी याच कामासाठी खोलीएवढं थंडगार यंत्र लागायचं, आता ते कापडात मावत होतं. कापडाची शिवण मात्र इतकी गचाळ होती की रेजिनाने दुसऱ्याच दिवशी ती उसवून नव्याने घातली. तिचा सगळा जन्म नवरीचे गाऊन शिवण्यात गेला होता. कुणी शिकवलं नव्हतं. जुने झगे उसवून उसवूनच ती शिकली होती.

पट्टी बनवणाऱ्या गटातल्या डॉक्टर शर्वरी खानोलकर यांनी पहिल्या दिवशी तिला समोर बसवून सगळं समजावलं होतं.

"काकू, एखादं नाव आठवेनासं झालं की आपण काय म्हणतो? अगदी ओठावर आहे हो, 'म'ने सुरू होतं! म्हणजे नाव निसटतं, पण पहिलं अक्षर हातात राहतं. मेंदूत नावं पहिल्या अक्षराच्या खुंटीला टांगलेली असतात. ती खुंटी आम्हाला सापडली पाहिजे."

"मग नुसतं अक्षरच म्हणून दाखवा की त्याला. गाणी कशाला?"

"नुसत्या अक्षराची कुजबुज फार बारीक. पट्टीला ती ऐकूच येत नाही. गाण्याने मात्र सगळा मेंदू उजळतो. सूर, ताल, तेव्हा कोण शेजारी होतं, काय जेवलो, सगळंच. आता एवढ्या झगमगाटात अक्षर कुठं शोधायचं? तर ज्यांच्या नावाचं पहिलं अक्षर सारखं आहे अशी गाणी ऐकवायची आणि त्यांचे आलेख एकावर एक ठेवायचे. प्रत्येकाचं वेगळं ते एकमेकांना खोडतं. सगळ्यांत समान तेवढं उरतं."

"म्हणजे बारा झग्यांचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरायचे," रेजिना म्हणाली. "जिथं बाराही कागदांना भोक, तिथूनच उजेड येणार."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "हे सांगायला मला प्रबंधात तीस पानं लागली, काकू."

आणि एकदा अक्षरांची ओळख पटली की पुढचं सोपं. इनासला 'क' म्हणायचा असेल तर त्याने 'क'चं एखादं गाणं मनात वाजवायचं. पट्टी ओळखणार, पडद्यावर 'क' उमटणार. गाण्यागाण्याने शब्द. वादकाला यापेक्षा काय हवं?

पण काही उमटलं नाही. जगभरातल्या रुग्णांसाठीची ठरलेली यादी पहिल्या फेरीत वाजवली, आलेख सपाट. दुसऱ्या फेरीत लव्हिनाची तीनशे बारा गाणी पाच दिवस वाजली. इनासचा मेंदू प्रत्येक गाण्याला उजळत होता, पण एकाच अक्षराचे आलेख एकावर एक ठेवले की उजेड गायब. भोकाला भोक जुळतच नव्हतं.

"सूर ऐकून मेंदू उजळतो तो झोपेतही," डॉक्टर खाली बघत म्हणाली. "केंद्राच्या समितीचं म्हणणं, नावाची खुंटी सापडत नाही म्हणजे जाणीव नाही. अजून एक फेरी मिळेल. येत्या बारा दिवसांत. नाहीतर हा बेड..."

बेड गेला की इनासची रवानगी मनोरच्या पलीकडच्या दीर्घ निवासात होणार होती. रेजिना ते बघून आली होती. जागा स्वच्छ. अंग पुसणारे हात होते, कूस बदलणारे हात होते. पण साठ खाटांच्या त्या दालनात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण बोलण्यात अर्थ नाही असं तिथे ठरून गेलेलं होतं.

त्या दुपारी ती लव्हिनाची यादी आणि बँडचं जुनं छापील कार्ड मांडीवर घेऊन बसली. कार्डावर छान वळणदार अक्षरांत नावं होती: 'व्हेन मदर फोल्ड्स द व्हेल', 'सिल्व्हर बटन्स, टिन शूज', 'द जिंजर हॉर्स ऑफ डोव्हरली'. लग्न ठरलं की हे कार्ड आधी फादरना दाखवायचं, मग मुलीच्या बापाला. त्यांनी मान डोलावली की बँड पक्का.

नावं वाचता वाचता तिची बोटं थबकली. किती लग्नांत ती स्टेजच्या पायरीशी होती, तोंडात टाचण्या धरून, कुणाच्या तरी गाऊनची निसटलेली झालर टाचत! वर इनास ट्रम्पेट खाली करायचा आणि मागे वळून ड्रमवाल्या जुजेला ओरडून पुढचं गाणं सांगायचा. यातलं एकही नाव त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. एकदा तर तो "कोंबडी!" म्हणून ओरडला होता. याला भूक लागली असं समजून तिने स्वयंपाक्याकडून ताट भरून आणलं होतं आणि अख्खा बँड वाजवायचं सोडून हसला होता.

ती उठली ती तडक जुजेच्या घरी गेली.

जुजे घोन्साल्विस चौऱ्याहत्तर वर्षांचा. अंगणात पंखा उघडून बसला होता.

"भावजी, कोंबडी म्हणजे कुठलं गाणं?"

जुजेचा पाना खाली पडला. "कुठली कोंबडी?"

"नाटक नको. छापील नावं तुम्ही कुणी वापरतच नव्हता. खरी नावं सांगा."

"वहिनी, ती सांगायची नसतात." जुजेने इकडे तिकडे बघितलं. "स्टेजवर शपथ होती आमची. कार्डावरची नावं लोकांना दाखवायला. एवढं लांबलचक इंग्रजी ढोलाच्या आवाजात ओरडणार कसं? मग आम्ही आमची नावं ठेवली. आता पोरं नावं ठेवणार म्हणजे... माणसांवरून ठेवणार ना. कुणाच्या मावशीवरून, कुणाच्या टकलावरून. फादरना कळलं असतं तर बँडला चर्चच्या आवाराबाहेर काढलं असतं."

"फादर जाऊन एकवीस वर्षं झाली."

"शपथ तर आहे की."

"माझा नवरा बारा दिवसांनी मनोरला जाणार आहे, भावजी. शपथ मोडलीत म्हणून वर कुणी विचारलं, तर माझं नाव सांगा."

जुजेने हात पुसले आणि चपला घातल्या.

डॉक्टर खानोलकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ती खुर्चीत टेकली. "म्हणजे आपण दोन फेऱ्या भलत्याच खुंटीवर हात फिरवत बसलो! त्यांच्या मेंदूत या गाण्यांना छापील नावंच नाहीत. गाणी इंग्रजी, पण नावं मराठी. अक्षरंही मग ए-बी-सी नाही, क-ख-ग. जुजेकाका, एकाच अक्षराची चार तरी नावं सांगा. कुठलंही अक्षर."

जुजेने इनासकडे पाहिलं, मग रेजिनाकडे, मग छताकडे. "'र'ची आहेत. 'व्हेन मदर फोल्ड्स' म्हणजे 'रडकं'. नवरी निघताना वाजायचं. दुसरं 'रेमेदी'. रेमेदीमावशी त्या गाण्यावर कोपराने लोकांना ढकलत नाचायची. तिसरं 'रिकामी ताटं', जेवण संपलं तरी पाहुणे उठत नसले की. आणि चौथं..."

"चौथं?"

"'जिंजर हॉर्स'. सगळ्यांत पळतं गाणं." जुजे दोन पावलं मागे सरकला. "ते 'रेजिना'."

"माझ्यावरून?" रेजिनाचा चेहरा जरा मऊ पडला. "का बरं?"

"वहिनी, रात्र झाली की तुम्ही सुईदोरा पर्समध्ये टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या ना, कमरेवर हात ठेवून... मग इनास ओरडायचा, 'रेजिना!' म्हणजे आवरा पोरांनो, शेवटचं गाणं, पळवा. तुम्हाला वाटायचं, हाक मारतोय."

डॉक्टरने हसू लपवायला तोंड पडद्याकडे वळवलं आणि चारही गाणी एकापाठोपाठ लावली. वीस मिनिटं गेली. मग तिने चार आलेख एकावर एक ठेवले. सपाट रेघेच्या मधोमध एक उंचवटा उठला. आधी टेकडीएवढा, मग सुळका. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राने एक नवं अक्षर नोंदवलं: र.

रेजिना खाटेकडे वळली.

"इनास रुमाव! तीस वर्षं मी दारात उभी राहायचे ती तुझं ट्रम्पेट उचलायला. तू दमायचास म्हणून! आणि तुम्ही माझ्या नावाने घोडा पळवत होता? सगळ्या वसईला माहीत, मलाच नाही? कोट कुणी शिवला तुझा? अस्तर कुणी लावलं?"

"काकू," डॉक्टर हळूच म्हणाली. "गाणी संपून पाच मिनिटं झाली."

"मग?"

"'र' विझत नाहीये."

रेजिनाने पडद्याकडे पाहिलं. सुळका तसाच उभा होता. एकदा खाली आला, पुन्हा उठला. खोलीत कसलंही गाणं वाजत नव्हतं. ती गप्प झाली तसा तोही खाली बसला. तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "अस्तर सॅटिनचं होतं." सुळका पुन्हा टोकापर्यंत गेला.

"चिडवतोय," जुजे म्हणाला. "वहिनी, तो तुम्हाला चिडवतोय! आवरा पोरांनो म्हणतोय!" आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून रडू लागला.

रेजिना रडली नाही. तिने शिरोपट्टीची कड नीट केली, इनासच्या कपाळावरचा केस बाजूला सारला आणि म्हणाली, "डॉक्टर, बाकीची अक्षरं किती लागतील?"

अकरा दिवस उरले होते. बँडमधल्या आठांपैकी चौघे हयात होते. क्लॅरिनेटवाला पास्कू उमराळ्यात सापडला, झांजवाला मुलाकडे नाशिकला. रेजिनाने शिवणाच्या खडूने घरातल्या काळ्या कापडावर बाराखडी आखली आणि एकेका अक्षराखाली इंग्रजी गाणी जमू लागली. 'क'खाली 'कोंबडी' होती, 'केक' होतं आणि 'कंडक्टर'. 'उ'खाली 'उंबर', कारण लग्नाआधी विहिरीवरून उंबराचं पाणी आणायला निघालेल्या वरातीपुढे ते एक कवायतीचं इंग्रजी गाणं वाजायचं. जिथे पुरुषांचं अडे तिथे रेजिना पुढे होई. तिला गाण्याचं नाव ठाऊक नसे, पण ते वाजताना आपण काय टाचत होतो ते पक्कं आठवे. ती चाल गुणगुणायची आणि पलीकडून पास्कू ओरडायचा, "अगं, ते 'हवालदार'! 'ह' झालं!" लव्हिना तिकडून मूळ गाणं शोधून पाठवायची. "मम्मी, एवढी गाणी तुला येतात?" असं तिने एकदा विचारलं. "मला एकही येत नाही," रेजिना म्हणाली. "मी फक्त तिथं होते."

'ण' आणि 'ळ'ने कुठल्या गाण्याचं नाव सुरू होणार? तिथे 'न' आणि 'ल' चालवून घ्यायचे ठरले. काना-मात्रेचा नाद सोडला. एकवीस अक्षरं उभी राहिली. एका अक्षराला इनासला अर्धं मिनिट लागत होतं.

शुक्रवारी समितीचे तिघे आले. प्रमुख डॉक्टर सामंत सौम्य गृहस्थ होते, पण नियमाला पक्के. घरच्यांनी काचेपलीकडे थांबायचं. इनासच्या डोळ्यांसमोर तीन चित्रं धरली जातील, काचेपलीकडून ती दिसणार नाहीत. तिन्हींची नावं अक्षरांत आली पाहिजेत. दोन आली तर तो योगायोग धरला जाईल.

पहिलं चित्र. दोन मिनिटांनी पडद्यावर आलं: घ, ड, य, ल. सामंतांनी घड्याळाच्या चित्रामागे खूण केली. दुसऱ्याला ह, ड. होडी. पुन्हा खूण. जुजेने काचेला नाक लावलं होतं.

तिसरं चित्र. पडद्यावर 'र' उमटला.

सामंतांनी भुवया वर केल्या. मग 'ज' आला. मग 'ल'. मग काहीच नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सामंतांनी सुस्कारा सोडला आणि कागदावर फुली मारली. "रजल," ते डॉक्टर खानोलकरांना म्हणाले. "असा शब्द नाही. वाईट वाटतं. इतकं जवळ येऊन..."

रेजिनाने दार उघडलं. नियम मोडायचा तर दारापासूनच, असा तिचा हिशेब असावा. "साहेब, चित्र केळ्याचं आहे ना?"

सामंतांचा हात थांबला. चित्र अजून त्यांच्या छातीशी उलटं धरलेलं होतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. राजेळी! साहेब, माझ्या सासऱ्यांची राजेळीची वाडी होती. त्यांच्या घरात 'केळं' असं कुणी म्हणतच नाही. बसराई म्हणतील, वेलची म्हणतील, राजेळी म्हणतील. केळं काय, शहरातले म्हणतात."

सामंतांनी चित्र सुलटं केलं. पिवळा घड होता. "पण ही तर राजेळी नाही दिसत."

"नाहीच आहे, जळगावची आहे," रेजिना म्हणाली. "त्याला केळ्यातलं कधी कळलं नाही. सासरे हेच म्हणायचे."

सामंत बाजूच्या तरुण सदस्याला म्हणाले, "आपण 'केळं' या उत्तराची वाट बघत होतो. हा शब्द आपल्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. डॉक्टरांच्या नाही, यंत्राच्या तर नाहीच. मग तो आला कुठून?" त्यांनी फुली खोडली. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून सगळा कागद फाडला, नवा घेतला, त्यावर वरपासून खालपर्यंत लिहिलं आणि सही केली. रेजिनाला दुरून एकच ओळ वाचता आली: रुग्ण पूर्ण जाणिवेत.

जुजेने बाहेर काचेवर दोन्ही तळव्यांनी असा ठेका धरला की परिचारिका धावत आली.

सामंत खाटेजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "रुमावसाहेब, अकरा महिने आम्ही तुम्हाला ओळखलं नाही. माफ करा. तुम्हाला काही सांगायचंय?"

पडद्यावर अक्षरं येऊ लागली. सगळे उभे राहून वाट बघत होते. त. अर्धं मिनिट. ग. न. मग म, ह, न.

डॉक्टर खानोलकरांनी ओठ हलवत जुळवलं. "तू... गाणं... म्हण."

"कोण, मी?" सामंत दचकले.

"तुम्ही नाही हो," पास्कू दारातून म्हणाला. "त्याची 'तू' कोण, ते सगळ्या वसईला ठाऊक आहे."

रेजिना मागे सरकली. "मला इंग्रजी येत नाही. मी कधी गायलेय? इनास, अरे माणसं आहेत इथं!"

पडद्यावर पुन्हा 'म' आला. मग 'ह'.

"म्हणते, म्हणते," ती घाईने म्हणाली. तिने पदर खांद्यावर घेतला, घसा साफ केला. तिला आठवलं ते संथ चालीचं एक गाणं. नवरीच्या तोंडावरची जाळी वर करताना वाजायचं ते, बँडच्या भाषेत 'पडदा'. पहिली ओळ तिने इतक्या हळू म्हटली की ती तिलाच ऐकू गेली नसेल. दुसरीला आवाज जरा वर आला. इंग्रजी शब्द तिच्या तोंडात मोडत होते, वाकत होते, काहींच्या जागी नुसतंच 'ला ला' येत होतं. काचेपलीकडच्या दालनातल्या खाटांवरची माणसं, त्यांच्याजवळ बसलेली माणसं इकडे बघू लागली.

"काकू, थांबू नका," डॉक्टर खानोलकर म्हणाली. "पडदा बघा."

प. प. प. प. अर्ध्या मिनिटाचा वेळ घ्यायलाही इनास थांबत नव्हता. तिच्या प्रत्येक ओळीबरोबर अक्षर उजळत होतं. तो तिच्याबरोबर गात होता. जुजेने स्टीलचा ट्रे ओढला आणि दोन चमच्यांनी ठेका दिला, पास्कूने शीळ घातली, आणि पाच वर्षांपूर्वी संपलेला बँड त्या खोलीत पुन्हा उभा राहिला.

तिसऱ्या कडव्यात 'प' अचानक विझला. रेजिनाचा आवाज अडखळला. जुजेचे चमचे हवेतच राहिले.

च, असं पडद्यावर आलं. मग क. मग ल. मग स.

"चुकलीस," सामंत मोठ्याने वाचून गेले.

रेजिनाने कमरेवर हात ठेवले. नवऱ्याच्या उघड्या डोळ्यांत सरळ बघितलं. आणि तीच ओळ, त्याच चुकीसकट, दुप्पट मोठ्याने पुन्हा म्हणाली.